उकरून आणलेल्या मातीचं करायचं काय? माती, राख, दगडाची भुकटी घेऊन प्रयोग करणाऱ्यांसाठी

भांडी, शिल्पं करायला पाकिटातली तयार माती वापरून वापरून एक दिवस असा येतोच, की कुठेतरी पाया खणलेला दिसतो, खड्ड्याच्या भिंतीत पिवळी-तांबडी माती ओलसर चमकत असते, आणि आपण दोन ढेकळं पिशवीत टाकून घरी येतो. मग ती पिशवी सहा महिने कोपऱ्यात पडून राहते, कारण पुढे काय करायचं ते कुणी नीट सांगितलेलं नसतं. हे त्या पिशवीवाल्यांसाठी.

आधीच एक सांगून टाकतो. आजकाल मातीवर भन्नाट काम करणारे जे लोक आहेत, कुणी ज्वालामुखीची राख वितळवतंय, कुणी कच्च्या मातीचं कारंजं बांधतंय, त्यांचं काम बघून वाटतं की अंगात आलं आणि करून टाकलं. तसं काही नसतं हो. फॉर्माफँटास्मा नावाची इटालियन डिझायनर जोडी आहे, त्यांनी 2014 मध्ये एटना ज्वालामुखीच्या लाव्हावरचं काम मांडलं आणि त्याच धाग्यातून पुढे 2019 मध्ये ज्वालामुखीच्या राखेची झिलई (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) असलेल्या टाइल्स आणल्या, तर त्या एका टाइलमागे साधारण तीन वर्षांच्या चाचण्या होत्या. म्हणजे राख किती बारीक, किती जाड थर, किती तापमान, हेच परत परत. माझं मत विचाराल तर या सगळ्या प्रकरणात कल्पना स्वस्त आहे, टेस्टच्या पट्ट्या (माती तपासायला भाजायचे छोटे नमुने) महाग आहेत. आधी पट्ट्या करा, माती काय करते ते बघा, आणि मग ठरवा की तिचं काय बनवायचं.

माती उचलण्याबद्दल फार लिहीत नाही. जागा ज्याची त्याला विचारा, नदीकाठची उभी दरड खालून पोखरू नका (अंगावर येते, गंमत नाही), आणि जुने कारखाने, कचराडेपो, गॅरेज असल्या ठिकाणची माती कितीही सुंदर दिसली तरी सोडून द्या, कारण शिसं नि इतर जड धातू डोळ्यांना दिसत नाहीत. वरचा काळा, मुळं असलेला थर बाजूला करून खालची माती घ्यायची. पहिल्यांदा अर्धी बादली पुरे. अर्धी बादली म्हणजे अर्धीच, पोतं भरून आणलंत तर ते पोतं तुमच्याकडे बघत बसेल.

जागेवरच दोन मिनिटांत कळतं की हिच्यात चिकणमाती आहे की नुसता गाळ. चिमूटभर माती पाण्यानं भिजवून मळा आणि बोटाएवढी वळी करून ती बोटाभोवती गुंडाळा. न तुटता गुंडाळली गेली तर काम होण्यासारखी आहे, बारीक भेगा पडल्या तर चालवून घेता येईल, सरळ तुकडेच पडले तर वाळू किंवा गाळ जास्त. घरी आल्यावर बरणीची चाचणी करा: काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, झाकण लावून जोरात हलवायची आणि ठेवून द्यायची. वाळू मिनिटभरात तळाला बसते, त्यावर पुढच्या काही तासांत मऊ गाळ, आणि चिकणमाती सगळ्यात शेवटी, कधी एक दिवस तर कधी तीन दिवस घेते. थर पट्टीनं मोजा. चिकणमातीचा थर अगदीच कागदासारखा निघाला तर त्या मातीवर जीव लावू नका.

आता व्हिनेगर. ही चाचणी लोक सोडून देतात आणि मीही सोडली होती. वाळलेल्या मातीच्या खड्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकायचे, फसफस झाली तर आत चुना आहे. माझ्या मातीत तो बारीक पांढऱ्या खड्यांच्या रूपात होता, मला वाटलं चाळणीतून जातंय म्हणजे ठीकच असणार. वाडगा भट्टीतून एकदम झकास निघाला, विटकरी रंग, टणक आवाज, मी फोटोबिटो काढले. तिसऱ्या दिवशी रात्री खोलीत टक् असा आवाज. थोड्या वेळानं परत टक्. सकाळी बघतो तर वाडग्याच्या बाहेरून नखाएवढ्या टिकल्या उडालेल्या आणि प्रत्येक खळग्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका. होतं असं की 800-900 अंशांच्या आसपास चुनखडीचा कळीचा चुना होतो, मग तो थंड झालेल्या भांड्यात बसून हवेतला दमटपणा ओढतो, फुगतो, आणि फुगायला जागा नसली की समोरची माती उडवून देतो. त्यामुळे चुना असलेली माती असेल तर 80 मेशच्या (म्हणजे एका इंचात 80 छिद्रं असलेल्या) चाळणीतून गाळा, एवढा बारीक झाला की सहसा त्रास देत नाही, किंवा मग ती माती कच्च्या, म्हणजे न भाजायच्या, कामाला ठेवा. खडे डोळ्यांनी दिसत असतील तर मी तरी आता त्या वाटेला जात नाही.

सफाईची एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ओलं ढेकूळ पाण्यात टाकलं की ते तसंच बसून राहतं, दोन दिवसांनी बघा, बाहेरून बुळबुळीत आणि आत घट्टच. पण तेच ढेकूळ आधी उन्हात पूर्ण, म्हणजे अगदी हाडासारखं वाळवलं आणि मग पाण्यात सोडलं तर ते सुंइइ आवाज करत बुडबुडे सोडतं आणि जुनी भिंत ढासळावी तसं थराथरानं आपोआप विरघळत जातं, काठी लावायचीही गरज पडत नाही. तर आधी वाळवा, मग हातोडीनं अक्रोडाएवढे तुकडे करा आणि भरपूर पाण्यात टाका. ढवळू नका, एक रात्र राहू द्या. दुसऱ्या दिवशी ढवळून वरची पातळ मलई गाळायची, आधी जाड चाळण, मग बारीक. किती बारीक ते काय बनवायचंय त्यावर: चाकावर चढवायची असेल तर 60-80 मेश, हातानं उभारायची मोठी कामं असतील तर 30 मेशही पुरे, थोडी वाळू राहिलेलीच बरी. गाळलेलं स्थिर ठेवून वरचं नितळ पाणी नळीनं काढत राहायचं, शेवटी जे दह्यासारखं उरतं ते जुन्या उशीच्या अभ्र्यात भरून टांगून ठेवा किंवा प्लास्टरच्या लादीवर पसरा. मळण्याइतकी घट्ट झाली की प्लास्टिकमध्ये गुंडाळून मुरायला ठेवा, दोन आठवडे तरी, जमलं तर दोन महिने. थोडा वास येईल, येऊ द्या, मुरलेली माती हाताला वेगळीच लागते, कडा फाटत नाहीत.

मग पट्ट्या. साधारण 14 सेंमी लांब, 4 सेंमी रुंद, बोटाएवढी जाडी नको, अर्धा सेंमी-पाऊण सेंमी. ओल्या पट्टीवर बरोबर 10 सेंमीची रेघ मारायची, दोन्ही टोकांना आडव्या खुणा, आणि मागे नंबर कोरायचा. पेन्सिलीनं नाही, कोरायचा, पेन्सिल भट्टीत जळून जाते आणि मग सगळ्या पट्ट्या जुळ्या बहिणी होतात. वाळल्यावर रेघ मोजा, भाजल्यावर परत मोजा. 10 सेंमीची 8.9 झाली म्हणजे 11 टक्के आकसली. 8 ते 12 टक्के हे नेहमीचं, 15 च्या पुढे जात असेल तर ती वाळतानाच तडकणार, तिच्यात काहीतरी रूक्ष घाला: वाळू, किंवा भाजलेल्या मातीचा भरडा ज्याला ग्रॉग म्हणतात, 10 टक्क्यांपासून सुरू करून 20-25 पर्यंत. उलट माती आखूड असेल, म्हणजे वाकवली की मोडत असेल, तर बाजारची चांगली चिकट माती थोडी मिसळा. यात कमीपणा काही नाही, काही लोक उगाच शुद्धतेचा आग्रह धरतात आणि मग भांडंच उभं राहत नाही.

भाजण्याच्या बाबतीत एकच नियम डोक्यात पक्का करा, अनोळखी माती कधीही थेट भट्टीच्या फळीवर ठेवायची नाही. उकरलेल्या बहुतेक मातींत लोह भरपूर असतं आणि लोह वितळायला मदत करतं, त्यामुळे 1000 ला जी छान विटकरी असते तीच 1200 ला फुगून पाव होते किंवा सरळ चॉकलेटसारखी वाहते. माझ्या ओळखीच्या एका पठ्ठ्यानं पहिल्याच फेरीत 1240 ला सहा पट्ट्या लावल्या, त्यातल्या दोन फळीतून छिन्नीनं काढाव्या लागल्या आणि फळी गेली ती गेलीच. म्हणून जास्त तापमानाला टिकणाऱ्या मातीच्या उथळ ताटल्या करून ठेवा आणि पट्टी त्या ताटलीत. पहिली फेरी 1000 अंश, मग 1100, मग 1200, प्रत्येक वेळी नवी पट्टी. सुरुवातीला तासाला 60-80 अंशांपेक्षा घाई नको, 100 च्या खाली दोन तास थांबा म्हणजे उरलंसुरलं पाणी निघून जाईल, नाहीतर वाफ होऊन स्फोट. 573 अंशांना मातीतलं क्वार्ट्झ (वाळूत असतं ते खनिज) एकदम फुगतं आणि थंड होताना तिथेच आकसतं, तेव्हा तिथून जाता-येता हळू. आणि मातीत कुजलेलं काही असेल, किंवा तुम्ही मुद्दाम लाकडाचा भुसा, कागदाचा लगदा घातला असेल तर 700 ते 900 मध्ये रेंगाळा, आतलं सगळं जळून बाहेर पडू दे, धूर होणार हे धरून खिडक्या उघड्या ठेवा किंवा भट्टी उघड्यावर लावा. घाई केली तर पोटात काळा गाभा राहतो आणि पुढच्या फेरीत तोच फुगतो.

भाजलेली पट्टी किती पाणी पिते तेही बघा. कोरडी वजन करा, दोन तास पाण्यात उकळा, तशीच थंड होऊ द्या, वरून पुसून परत वजन करा. 50 ग्रॅमची 56 झाली तर 12 टक्के. कुंडीला, पणतीला, शिल्पाला काही हरकत नाही. पाणी धरून ठेवायचं भांडं हवं असेल तर आकडा दोन-तीनच्या खाली यायला हवा, म्हणजे तापमान वाढवा, किंवा मग ती माती त्या कामाची नाही असं मान्य करा.

एवढ्या पट्ट्या झाल्या की गंमत सुरू होते, कारण टेबलावर मांडल्या की त्या स्वतःच एक काम वाटायला लागतात. आतलीए एनएल या डच जोडीनं नेमकं हेच केलं. समुद्र हटवून मिळवलेल्या नोर्डोस्टपोल्डर भागातल्या वेगवेगळ्या शेतांची माती त्यांनी खणून आणली, प्रत्येक शेताची वेगळी ठेवली, आणि त्यातून भांडी केली, तर शेजारशेजारच्या शेतांचे रंग वेगळे निघाले. ॲडम सिल्व्हरमन या अमेरिकन कुंभारानं याच्या उलटं केलं. अमेरिकेची सगळी 50 राज्यं, राजधानी आणि 5 प्रदेश, इथून माती, पाणी आणि लाकडाची राख गोळा करून ती सगळी एकत्र कालवली आणि त्या एका मिश्रणाची भांडी घडवली. म्हणजे साहित्य तेच, पण वेगळं ठेवलं की एक अर्थ, मिसळलं की भलताच अर्थ. तुमच्याकडे तीन ठिकाणच्या तीन पिशव्या असतील तर मिसळण्याआधी तिन्हींचं थोडं थोडं वेगळं राखून ठेवा, मिसळलेलं परत वेगळं करता येत नाही हे सांगायला नको पण सांगतोय. आणि माती कुठून आली हाच कामाचा विषय कसा होतो ते बघायचं असेल तर 2015 चं रेअर अर्थनवेअर नावाचं काम बघा: चीनमधल्या बाओटोच्या विषारी गाळाच्या तळ्यातून चिखल आणून तीन फुलदाण्या केल्या, एका स्मार्टफोनसाठी, एका लॅपटॉपसाठी, एका इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरी सेलसाठी जेवढा विषारी गाळ तयार होतो तेवढ्याच आकाराच्या. बघायला भारी आहे, पण हे घरी करून बघायचं काम नव्हे, ते तज्ज्ञांची टीम घेऊन झालेलं होतं.

झिलईच नको असेल तर टेरा सिजिलाटा करून बघा, मला स्वतःला हा प्रकार सगळ्यात आवडतो. मातीतले सगळ्यात बारीक कण तेवढे वेगळे काढायचे आणि तेच भांड्यावर फासून घोटायचे. 1 लिटर पाण्यात 2 ते अडीच ग्रॅम सोडियम सिलिकेट किंवा सोडा ॲश विरघळवा, त्यात साधारण 500 ग्रॅम कोरडी मातीची भुकटी घालून नीट ढवळा, पारदर्शक बरणीत ओता आणि 20 तास हात लावायचा नाही. हात लावायचा नाही म्हणजे बरणी उचलून बघायचीसुद्धा नाही. नंतर नळीनं वरचं दुधासारखं पातळ तेवढं हलकेच ओढून घ्या, तळाचा चिखल टाकून द्या किंवा मळायच्या मातीत घाला. हे पातळ पूर्ण वाळलेल्या भांड्यावर मऊ ब्रशनं तीन-चार हात द्यायचं, आणि ओलसर चमक जाते न जाते तोच मऊ कापडानं किंवा पातळ प्लास्टिक बोटावर ताणून घोटायचं. बोटाखाली मॅट पृष्ठभाग अचानक आरशासारखा होतो ना, तो क्षण बघायलाच लोक हे करतात. भाजताना 1000 च्या आत ठेवा, वर गेलं की चमक मरते. केनियात जन्मलेल्या, इंग्लंडात काम करणाऱ्या मॅग्डालीन ओडुंडो यांची भांडी बघा, चाक नाही, झिलई नाही, हातानं वर चढवत नेलेली, अशीच लेप देऊन घोटलेली. ऑक्सिजन भरपूर असलेल्या भट्टीत ती नारिंगी-लाल होतात आणि परत धुरकट, हवा तोडलेल्या भट्टीत भाजली की काळी. रंग वेगळा आणायचा म्हणून माती बदललेली नाही, फक्त आगीला मिळणारी हवा बदललीय.

झिलई हवीच असेल तर राख. लाकडाची राख चाळा, हातमोजे घालून, कारण ओली राख कातडी खाते. राख आणि तुमचीच लाल माती निम्मी-निम्मी, पाण्यात कालवून दाट ताकासारखी, आणि 1250-1280 ला भाजा (भांडं मात्र त्या तापमानाला टिकणाऱ्या मातीचं हवं). हिरवट-तपकिरी ओघळ येतात. पण निम्मी-निम्मी ही फक्त सुरुवात आहे. नऊ कप मांडा, पहिल्यात 90 भाग राख 10 भाग माती, दुसऱ्यात 80-20, असं करत नवव्यात 10-90, नऊ उभ्या पट्ट्यांवर लावा आणि खाली ताटली विसरू नका, राख वाहते म्हणजे धावतेच. एका टोकाला पिवळट-हिरवं पाणी, दुसऱ्या टोकाला कोरडी खरखरीत तपकिरी, आणि मध्ये कुठेतरी दोन कप असे निघतात की आपण त्यांच्यासाठीच जन्मलो असं वाटतं. लाकूड बदललं की सगळं परत करायचं, कारण प्रत्येक झाडाची राख वेगळी, आणि भाताच्या तुसाची तर पूर्णच वेगळी, तिच्यात सिलिका (वाळूतला मुख्य घटक) इतकी की एकटी वितळतच नाही. दगडाचंही तसंच, बेसाल्टची बारीक भुकटी साधारण 1250 च्या आसपास एकटीच वितळून गडद तपकिरी काच होते, ग्रॅनाइट जास्त हट्टी. दगड घरी कुटत बसू नका, दगड कापणाऱ्यांकडे मशीनखाली जो ओला गाळ साठतो तो आधीच पिठासारखा असतो.

आणि भट्टीच नसेल तर? तर भाजू नका. हे मी चेष्टेनं नाही म्हणत. फीबी कमिंग्ज या ब्रिटिश कलावंत कच्च्याच मातीत काम करतात, 2017 मध्ये त्यांनी फुलापानांनी लगडलेलं एक कारंजं कच्च्या मातीत बांधलं होतं ज्यावर पाणी पडत राहायचं आणि प्रदर्शन चालू असतानाच ते विरघळत जायचं, त्याला मोठं बक्षीसही मिळालं. कच्च्या कामाला चुना चालतो, खडे चालतात, फुगण्याची भीती नाही. फक्त वाळताना भेगा जातात त्याचा विचार करायचा: मातीत कागदाचा लगदा, आकारमानानं पाव भाग, नीट मिसळा, तो आतून धाग्यासारखा धरून ठेवतो, वाळलेल्या तुकड्याला ओला तुकडाही चिकटवता येतो. भेगा हव्याच असतील तर एकदम चिकट माती जाड पसरून पंख्याखाली ठेवा, मग बघत बसा. प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा, कारण शेवटी हातात फोटोच उरणार आहेत.

धुळीबद्दल कळकळीनं. आय वेवेई या चिनी कलावंतानं 2010 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात पोर्सेलिनच्या (पांढऱ्या चिनी मातीच्या) जवळपास 10 कोटी सूर्यफुलाच्या बिया पसरल्या होत्या, लोकांनी त्यावर चालावं अशी मूळ कल्पना, आणि काही दिवसांतच ते बंद करावं लागलं, कारण पायांखाली घासून उडणारी धूळ. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये ही गत, तर आपली खोली ती केवढी. मातीच्या, दगडाच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसली की निघत नाही. म्हणून कोरडं चाळताना, कुटताना चांगला मास्क (कापडी नाही, एन95 किंवा त्यावरचा), जमलं तर सगळं ओलं असतानाच करा, आणि झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. तसंच, उकरलेल्या मातीच्या आणि राखेच्या झिलईच्या भांड्यात खाणंपिणं नको जोवर प्रयोगशाळेत तपासून घेत नाही. झिलईवर रात्रभर व्हिनेगर ठेवून सकाळी रंग उडाला तर ती नक्कीच वाईट, पण रंग नाही उडाला म्हणून चांगली असं ठरत नाही.

वही ठेवा. पट्टीचा नंबर, माती कुठली, चाळण कितीची, काय मिसळलं, किती तापमान, किती आकसली, किती पाणी प्यायली, आणि एक ओळ मनाची, म्हणजे "17 नंबर, कडेला जांभळट, का कुणास ठाऊक, परत करणे" असली. माझ्या वहीत निम्म्या ओळी अशाच आहेत. फसलेल्या भाजलेल्या पट्ट्या फेकायच्या नाहीत, गोणपाटात गुंडाळून हातोडीनं फोडा, पाणी शिंपडून चाळा आणि डब्यावर तारीख टाका, पुढच्या पिशवीतली माती फार आकसणारी निघाली की हाच भरडा लागणार आहे. न भाजलेल्या असतील तर त्या सरळ पाण्याच्या बादलीत, वाळलेल्या असल्यामुळे रात्रीत विरघळतील.